पौरुषाची गोळी : एका शोधाचा इतिहास

वळू आणि बैल यांतला फरक आपल्या भागातल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत, कानडीतही गूळी आणि एत्तू असे दोन आहेत. एकाच गाईच्या पोटचे दोन खोंड. त्यांतला एक बडवला की त्याची मान, त्याचा आवाज, त्याची रग सारेच बदलते आणि तो निमूटपणे जुवाखाली मान देतो. वृषणांत असे काहीतरी असते की जे साऱ्या देहावर हुकमत चालवते, एवढे ज्ञान शेतीइतकेच जुने आहे. ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, आणि ज्याच्या अंगी ते कमी आहे त्याला ते परत देता येईल काय, या प्रश्नांची उत्तरे मात्र फार उशिरा मिळाली. त्यातही ते तोंडावाटे देणे सर्वांत अवघड ठरले. त्या प्रयत्नांची ही हकीकत आहे.

या विषयाकडे मी वळलो तो पोटापाण्याच्या धंद्यामुळे. खडेबाजारातल्या औषधांच्या दुकानात मी अडतीस वर्षे काढली. तिथे एक गोष्ट सतत नजरेस येई. मराठी गिऱ्हाईक खोकल्याचे औषध मराठीत मागते, कानडी गिऱ्हाईक कानडीत मागते. पण ‘ताकदीचे’ काही हवे असले की दोघेही आवाज खाली आणून हिंदीत नाहीतर मोडक्या इंग्रजीत शिरतात. परक्या भाषेत लाज कमी वाटते. दोन भाषा जाणणाऱ्या आपल्या जिल्ह्यात लाज झाकण्यासाठी तिसरी भाषा लागते, हे पाहून मला नेहमी नवल वाटत आले. वास्तविक र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून हे विषय स्वच्छ मराठीत बोलता येतात हे दाखवून दिले होते. त्यासाठी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. शब्द होते, ते वापरण्याचा धीर आपल्याला झाला नाही, इतकेच.

आपल्या आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘वाजीकरण’ हे एक स्वतंत्र अंग आहे. सुश्रुतसंहितेत बोकडाचे वृषण दुधात सिद्ध करून घेण्याचा पाठ येतो. पौरुष तोंडावाटे परत देण्याचा हा फार जुना प्रयत्न म्हणावा लागेल. इंद्रिय अचूक ओळखले गेले होते. पण दोन अडचणी होत्या, आणि त्या उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. एक, वृषण हा द्रव्य तयार करणारा कारखाना आहे, कोठार नव्हे. तयार झालेला माल तो लगोलग रक्तात सोडतो, साठवीत नाही. दुसरी अडचण यकृताची. तिच्याकडे पुढे येतोच.

पहिला खरा प्रयोग १८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे अर्नोल्ड बेर्टहोल्ड या प्राध्यापकाने केला. त्याने सहा कोवळे कोंबडे घेतले. दोघांचे वृषण काढून टाकले. त्यांचे तुरे सुकले, आरवणे गेले, भांडखोरपणा गेला. उरलेल्या चौघांचेही वृषण काढले, पण एकेक वृषण त्यांच्याच पोटात पुन्हा बसवला. कुणाला स्वतःचा, कुणाला दुसऱ्याचा. हे चारही कोंबडे तुरेबाज झाले, आरवू लागले, कोंबड्यांच्या मागे धावू लागले. बसवलेल्या वृषणाचा मज्जातंतूंशी काही संबंध उरलेला नव्हता. म्हणजे जो काही परिणाम होतो तो रक्तावाटे होतो, असा निष्कर्ष त्याने काढला. चार पानांच्या या निबंधाची कित्येक दशके कुणी फारशी दखल घेतली नाही.

दखल घेतली गेली ती एका भलत्याच प्रयोगाची. १ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे ब्राउन-सेकार हा बहात्तर वर्षांचा शास्त्रज्ञ उभा राहिला. माणूस ऐरागैरा नव्हता. क्लोद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाच्या जागी त्याची नेमणूक झालेली होती. कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा पाण्यातला अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि अंगात पुन्हा बळ आले, जिने भराभर चढता येऊ लागले, तासन्‌तास काम करता येऊ लागले, असे त्याने जाहीर केले. काही दिवसांत ही वार्ता जगभर पसरली आणि अर्क विकणाऱ्यांचे पीक आले. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, हे तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच कृतीने अर्क काढून तपासला. त्यात औषधी परिणाम होण्याइतके द्रव्य निघाले नाही. म्हातारा खोटे बोलत नव्हता. त्याला जे हवे होते ते त्याला जाणवले. या औषधाच्या इतिहासातील हा पहिला धडा होय : जे बळ मनाच्या उभारीनेही वाढते, त्याचे माप घेताना स्वतःच्या जाणिवेवर विसंबता येत नाही.

धडा कुणी घेतला नाही. १९२० मध्ये पॅरिसमध्येच सर्ज व्होरोनॉफ या शल्यविशारदाने माकडांच्या वृषणांच्या चकत्या श्रीमंत वृद्धांच्या अंगी बसवण्यास आरंभ केला. व्हिएन्नाच्या श्टाइनाख याने शुक्रवाहिनी बांधून टाकली की तारुण्य परतते असे सांगितले. १९२३ साली फ्रॉइडने आणि १९३४ साली कवी येट्सने ती शस्त्रक्रिया करून घेतली. मोठी माणसे अशा बाबतीत आपल्याइतकीच भोळी असतात.

इकडे रसायनशास्त्रज्ञ मात्र मुकाट्याने चिकाटीची कामे करीत होते. १९२७ साली शिकागोत कॉक आणि मॅगी यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या चाळीस पौंड वृषणांतून वीस मिलिग्रॅम द्रव्य काढले. ते टोचले की खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा पुन्हा वाढे. हीच त्याची परीक्षा. १९३१ साली आडोल्फ बुटेनांट याने बर्लिनच्या पोलिसांचे पंधरा हजार लिटर मूत्र गोळा करून त्यातून अँड्रोस्टेरॉन नावाचे भावंड-द्रव्य मिळवले, तेही अवघे पंधरा मिलिग्रॅम. मे १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वळूंच्या शंभर किलो वृषणांतून दहा मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य वेगळे केले आणि त्याला ‘टेस्टोस्टेरॉन’ हे नाव दिले. लाकर ज्या ऑर्गनॉन कंपनीशी निगडित होता, ती मांसाच्या कारखान्याच्या आधाराने उभी राहिलेली होती. कच्च्या मालाला तोटा नव्हता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बुटेनांटने आणि पाठोपाठ आठवड्याच्या आत झुरिकच्या लिओपोल्ड रुझिका याने हेच द्रव्य कोलेस्टेरॉलपासून तयार करून दाखवले. वळूंची गरज संपली. दोघांना मिळून १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पण हिटलरच्या राजवटीने बुटेनांटला ते नाकारायला लावले.

द्रव्य हाती आले. आता गोळी करायची आणि गिळायची, एवढेच राहिले असे वाटले असेल. इथेच घोडे अडले. तोंडावाटे घेतलेले टेस्टोस्टेरॉन आतड्यातून शोषले जाते, पण आतड्यातले रक्त सर्वांगात खेळण्यापूर्वी यकृतातून जाते. यकृत हा आपला जकात नाका. तिथे टेस्टोस्टेरॉनची जवळपास पुरी खेप मोडून निकामी केली जाते. निरोगी पुरुषाचे शरीर दिवसाला सुमारे सहा-सात मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवते. १९७४ साली डेन्मार्कमधील डॉक्टरांनी दाखवले की तेवढाच परिणाम साधण्यासाठी रोज चारशे मिलिग्रॅम गिळावे लागते. चार आण्यांच्या मालासाठी सुमारे पंधरा रुपये मोजण्यातला हा प्रकार.

रुझिकाने १९३५ सालीच यावर तोड काढली होती. टेस्टोस्टेरॉनच्या रेणूला सतराव्या जागी एक मिथिल गट जोडला की यकृताला तो सहजी मोडता येत नाही. अशी मिथिल-टेस्टोस्टेरॉनची गोळी बाजारात आली आणि चालली. पण जकात चुकवणाऱ्या मालाने नाक्यालाच इजा केली. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून या गोळ्या घेणाऱ्यांत काविळीच्या नोंदी होऊ लागल्या. पुढे यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या आणि गाठीही आढळल्या. शहाण्या डॉक्टरांनी गोळी बाजूला ठेवली आणि दोन-तीन आठवड्यांनी घ्यायच्या तेलातल्या इंजेक्शनांवर भिस्त ठेवली.

खरी वाट १९७० च्या दशकात ऑर्गनॉनच्याच शास्त्रज्ञांनी शोधली. त्यांनी टेस्टोस्टेरॉनला अंडेकॅनोइक नावाच्या लांब मेदाम्लाची शेपटी जोडली. आपण खाल्लेले तूप-तेल बव्हंशी थेट यकृताकडे जात नाही; ते आतड्यातल्या लसीकावाहिन्यांत शिरते आणि गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत जाऊन रक्ताला मिळते. हे नवे द्रव्य थोड्या प्रमाणात का होईना, त्याच मार्गाने जाते. नाका चुकला, आणि नाकेदाराला इजाही नाही. टेस्टोस्टेरॉन अंडेकॅनोएट असे त्याचे नाव. आपल्याकडेही त्याच्या चाळीस मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आल्या. सुरुवातीची कॅप्सूल दुकानात फ्रिजमध्ये ठेवावी लागे. पुढे आतले तेल बदलून एरंडेल वापरले गेले आणि ती अट सुटली.

मात्र या मार्गाची एक शर्त आहे. लसीकेची वाट उघडते ती मेदामुळे. जेवणात स्निग्धांश नसेल तर कॅप्सूल जवळजवळ वाया जाते. सकाळी नुसत्या चहाबरोबर किंवा उपासाच्या दिवशी पाण्याबरोबर कॅप्सूल गिळून ‘गुण नाही’ म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना मी एवढेच सांगे : भाकरीवर लोणी घ्या, आणि मग घ्या.

अमेरिकेत ही कॅप्सूल फार उशिरा पोचली. शोषण सुधारलेल्या नव्या रूपाला तिथे मार्च २०१९ मध्ये परवानगी मिळाली, तीही रक्तदाब वाढू शकतो असा ठळक इशारा छापण्याच्या अटीवर. २०२२ मध्ये आणखी दोन कॅप्सूल आल्या. हृदयविकाराची भीती मात्र साऱ्याच टेस्टोस्टेरॉनभोवती घोटाळत होती. २०२३ साली पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात टेस्टोस्टेरॉन अंगाला लावायच्या जेलमधून दिलेले होते. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत. पण हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी अधिक दिसल्या. भीती कमी झाली, सावधगिरी संपली नाही.

मग हे औषध कुणासाठी? ज्याच्या शरीरात ते खरोखरच बनत नाही त्याच्यासाठी. १९४२ साली हॅरी क्लाइनफेल्टर या अमेरिकन डॉक्टरने अशा पुरुषांचे वर्णन केले : उंच, दाढी विरळ, वृषण लहान, मूल नाही. १९५९ मध्ये याचे कारण कळले. त्यांच्या पेशींत एक एक्स गुणसूत्र जास्तीचे असते. सुमारे सहाशे मुलग्यांमागे एक असा जन्मतो, म्हणजे मोठ्या गावात असे चार-दोन तरी असणारच. पीयूषिका ग्रंथीचा विकार, मोठ्या वयात झालेला गालगुंडाचा आजार, कर्करोगावरील उपचार ही आणखी कारणे. अशा माणसाची हाडे ठिसूळ होतात, रक्त कमी होते, उमेद जाते. त्याला योग्य मात्रेत टेस्टोस्टेरॉन मिळाले तर त्याचे आयुष्य पालटते. त्यासाठी लक्षणे असावी लागतात, आणि सकाळच्या रक्ताच्या दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तपासण्या कमी याव्या लागतात. पण हाच माणूस दुकानात क्वचित येई. येत तो थकलेला, कर्जाने गांजलेला, नाहीतर नुकते लग्न झालेला धडधाकट माणूस, ज्याला या औषधाची गरज नसते.

आणि येई मूल न होणारा नवरा. त्याच्यासाठीच मी हा लेख लिहिला असे म्हटले तरी चालेल. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूला वाटते, माल भरपूर आहे. पीयूषिका वृषणांना हुकूम पाठवणे थांबवते आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते किंवा बंदच पडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पुरुषांना दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉन टोचले, ते संततिनियमनासाठी! त्यांच्यापैकी जवळपास दोनतृतीयांश पुरुषांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्रजंतू उरला नाही. औषध थांबवल्यावर निर्मिती बहुधा पूर्ववत होते, पण त्याला महिने लागतात. मुलासाठी म्हणून कुणाच्या सांगण्यावरून हे औषध घेणारा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो, आणि सासरी बोल ऐकते ती त्याची बायको. कित्येक घरांत तिच्या तपासण्या होतात, नवससायास होतात, आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी कुणी करून घेत नाही.

रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर ‘मर्दानी ताकद’ आणि ‘गुप्तरोग’ अशा जाहिराती आपण लहानपणापासून वाचत आलो. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि टेस्टोस्टेरॉन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. भिंतींनी कायदा वाचलेला नाही. तो रंग वाळतो तो आपल्या गप्प बसण्यावर. नव्वद वर्षे खपून शास्त्रज्ञांनी यकृताला वळसा घालणारी वाट शोधली. आपल्याला फक्त लाजेला वळसा घालून डॉक्टरांच्या खोलीत शिरायचे आहे. तिथे मराठीत बोलावे, कानडीत बोलावे. डॉक्टरांना दोन्ही कळतात.