पाठांतरातून प्रश्नाकडे

आपल्या खेड्यापाड्यांत शाळा उशिरा आली. कविता मात्र आधीपासून होती. जात्यावर दळणाऱ्या बाईला अक्षर येत नव्हते, पण ओव्या तोंडपाठ होत्या. पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याला सही करता येत नसे, पण तुकोबांचे अभंग येत. लोकांजवळ असलेल्या या भांडवलावर सुधारकांनी शिक्षणाची उभारणी केली. पुण्यात सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ १८५४ मध्ये निघाला. त्यात शिकण्याचा आग्रह कवितेतूनच धरलेला आहे. जोतीरावांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पोवाडा रचला आणि राजाकडे कुळवाड्यांच्या बाजूने पाहिले. इतिहास कोण सांगतो आणि कोणाच्या बाजूने, हा प्रश्न त्यातून साध्या माणसापुढे आला.

वऱ्हाडात हीच वाट आणखी रुंद झाली. १८७६ मध्ये शेंडगावला जन्मलेले देबूजी, म्हणजेच गाडगेबाबा, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे वाढले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली, ती मात्र डोळ्यांदेखत. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता न आल्याने माणूस कसा नागवला जातो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्यांच्या कीर्तनात तुकोबांचा अभंग येई, कबिराचा दोहा येई. पण निरूपण सुरू होई ते प्रश्नाने. नवसाला बकरे का कापायचे? कर्ज काढून पंगती कोणासाठी घालायच्या? पोराला शाळेत का घातले नाही? उत्तर बाबा देत नसत, ते समुदायाकडून वदवून घेत. मुंबईत ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आहे. त्यात ही सवाल-जवाबाची रीत आजही ऐकता येते. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २० डिसेंबरला, बाबा गेले.

दुसरे नाव तुकडोजी महाराजांचे. अमरावती जिल्ह्यातील यावलीला १९०९ मध्ये जन्मलेल्या या संताने खंजिरीवर भजने म्हणत गावे जागी केली. १९५५ च्या ‘ग्रामगीते’चे एकेचाळीस अध्याय आहेत. ओवी जुनीच, पण विषय ग्रामआरोग्य, श्रम, गरिबी-श्रीमंती, ग्रामशिक्षण, महिलोन्नती. ओवीत लिहिलेले हे नागरिकशास्त्रच म्हणायचे.

दोन्ही ठिकाणी एकच युक्ती आहे. ओळ आधी कानाने पाठ होते. पाठ असलेली ओळ कागदावर दिसली, की नवशिक्या बोट ठेवून शब्द ओळखू लागतो. अर्थ आधीच ठाऊक असल्याने अक्षराची भीती उरत नाही. पण अक्षर ओळखणे ही अर्धीच साक्षरता. उरलेली अर्धी प्रश्नातून येते: हे कोण म्हणतो? कोणाला उद्देशून? यात कोणाचा आवाज नाही?

आपल्या शाळांनी यातला पहिला भाग तेवढा उचलला. गाडगेबाबांचा दशसूत्री संदेश भिंतीवर रंगवला जातो, जयंतीला मुले तो घडाघडा म्हणतात, आणि टाळ्या वाजवून कार्यक्रम संपतो. ज्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारले, त्यांचेच आपण पाठांतर करून टाकले.

समाजशास्त्राच्या तासाला वेगळे करून पाहता येईल. ‘महिलोन्नती’चा अध्याय वाचावा आणि मुलींनाच विचारावे की, यातले आपल्या घरापर्यंत किती आले? पोवाड्यातला राजा आणि पाठ्यपुस्तकातला राजा शेजारी ठेवावेत. आजीच्या ओव्या मुलांनी लिहून आणाव्यात आणि त्यांत कोणते काम, कोणते पीक, कोणते दुःख आले ते शोधावे.

मी मराठीत लिहिणारा मुसलमान कवी. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठी ओवीतच लिहिला, हे आमच्या मुलांना आणि त्यांच्या वर्गमित्रांनाही ठाऊक हवे. ‘मराठी कोणाची?’ हा प्रश्न वर्गात निघाला, तर त्याचे उत्तर भाषणापेक्षा ती ओवी चांगले देईल.

आज गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज, दोघांचीही नावे विदर्भातील विद्यापीठांना आहेत. ते योग्यच झाले. पण त्यांचा खरा वारसा खेड्यातल्या चौथीच्या वर्गात ठरेल. कविता म्हणून झाल्यावर एखादे पोर उठून ‘असं का?’ म्हणाले, तर त्याला खाली बसवू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)