गावकीच्या खोल्या आणि कूड : मुंबईतील स्थलांतरितांचा निवारा

गाव सोडून महानगरात आलेल्या माणसाला पहिला आसरा बहुधा गाववाल्याचाच मिळतो. हा आसरा कोणत्या स्वरूपाचा असेल, हे पुष्कळदा अंतरावर अवलंबून असते. वर्धा जिल्ह्यातील वडनेरसारख्या गावातील मजुराला हिंगणघाट आणि नागपूर येथील कापडगिरण्या तुलनेने जवळ होत्या. कोकणातील चाकरमान्याला मात्र बोटीने मुंबई गाठावी लागे आणि गणपती वा शिमग्याखेरीज गावी परतणे क्वचितच साधे. मुंबईत गावकीच्या खोल्या निर्माण झाल्या त्या या परिस्थितीतून.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. त्यानंतर परळ, लालबाग, वरळी, भायखळा या परिसरात गिरणगाव उभे राहिले. कामगार प्रामुख्याने पुरुष. बायकामुले गावी शेती सांभाळीत. एका गावचे अनेक जण मिळून चाळीत एकच खोली भाड्याने घेत. पाळ्यांमुळे काही जण कामावर असताना इतरांना झोपण्यास जागा मिळे. प्रत्येकाच्या मालकीची म्हणावी अशी वस्तू म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. जेवणाची सोय खानावळवाल्या बाईकडे असे. या बायकांच्या श्रमांची दखल फार उशिरा घेतली गेली. प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

या खोलीतच गावकीची बैठक भरे. गावच्या देवळाची वा शाळेची वर्गणी येथे जमे आणि गावातील तंट्यांची चर्चाही येथेच होई.

गोव्याच्या ख्रिस्ती स्थलांतरितांनी याच गरजेतून ‘कूड’ उभे केले. धोबीतलाव, डाबूल, माझगाव येथील हे गावनिहाय क्लब जहाजांवरील खलाशी व आचारी यांना दोन सफरींच्या मधल्या काळात आधार देत. प्रत्येक कुडात गावच्या संरक्षक संताची वेदी असे आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होई. गावकीच्या खोलीपेक्षा कुडाची शिस्त अधिक लेखी व काटेकोर होती.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. गावाबरोबर गावची जातही शहरात आली. गिरण्यांच्या विणाई खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना तेथे मज्जाव होता. खासगी चाळींतही त्यांना सहजासहजी खोली मिळत नसे. त्यामुळे सार्वजनिक संस्थांनी बांधलेल्या चाळी त्यांच्यासाठी विशेष महत्त्वाच्या ठरल्या. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने ‘बीआयटी’ चाळी बांधल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे परळच्या अशाच चाळीत दीर्घकाळ वास्तव्य होते. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ ‘बीडीडी’ चाळी उभारल्या. त्यांतील एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि या साऱ्या रचनेचा पाया ढासळला. गिरण्या बंद पडत गेल्या, अनेक कामगार गावी परतले, काही कुटुंबे डोंबिवली-विरारकडे सरकली. कुडांनाही वेगळ्या कारणाने ओहोटी लागली. गोव्यातील तरुणांना आखाती देशांची वाट सापडली होती. तरीही काही कूड आजही चालू आहेत.

आज वादाचा विषय आहे तो हक्काचा. म्हाडामार्फत होणाऱ्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे घर मिळते. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. एका कुटुंबासाठी हा लाभ निःसंशय मोठा आहे. पण कोणत्याही चाळीतील गावकीच्या खोलीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. भाडे वर्षानुवर्षे साऱ्या गावाने भरलेले, तर भाडेपावती बहुधा एकाच्याच नावावर. इमारत पुनर्विकासास गेली की विचारली जाते ती पावती, आणि वर्गणीच्या जुन्या वह्यांना त्या हिशेबात स्थान नसते.