उद्योगनगरीतील मुले आणि एरिक्सन यांचे टप्पे

फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि गावोगावची कुटुंबे येथे आली. त्याच सुमारास, १९५० मध्ये, जर्मनीत वाढून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एरिक एरिक्सन यांनी मनोसामाजिक विकासाचे टप्पे मांडले. तान्हेपणी विश्वास, मग स्वायत्तता, पुढाकार, शालेय वयात उद्यमशीलता आणि किशोरवयात स्वत्वाची ओळख. आपल्या वर्गात येते ते चौथ्या टप्प्यातले मूल. त्याच्या घरच्या बोलीला वर्ग हसला, तर न्यूनगंड रुजतो. केलेल्या कामाला दाद मिळाली, तर ‘मला जमते’ ही खात्री वाढते. मागील टप्प्यातील उणीव पुढेही भरून निघू शकते, असे एरिक्सन मानत. म्हणून वर्षाच्या मध्यावर दाखल झालेल्या मुलालाही आपण जमेल असे काम द्यावे.