कशासाठी राखले बुकित तिमाह?

सिंगापूर बेटाच्या मध्यापासून थोडी पश्चिमेला 163.63 मीटर उंचीची एक टेकडी आहे. सह्याद्रीत असती तर तिला कुणी नावही दिले नसते. सिंगापुरात मात्र तिच्याहून उंच नैसर्गिक जागा नाही. बुकित तिमाह हे तिचे नाव. तिच्या उतारांवरचे सुमारे 163 हेक्टरचे रान हे त्या शहराचे सर्वांत जुने राखीव वन आहे. उंचीत आणि क्षेत्रफळात तोच आकडा यावा, हा निव्वळ योगायोग. भुयारी रेल्वेच्या ब्यूटी वर्ल्ड स्थानकावर उतरले की रानाच्या फाटकापर्यंत चालत जाता येते. प्रवेश फुकट असतो. लेकरांना घेऊन आलेली प्रवासी कुटुंबे डांबरी चढावरून रमतगमत माथा गाठतात, उंची कोरलेल्या शिळेपाशी छायाचित्र काढतात आणि माकडांपासून खाऊच्या पिशव्या सांभाळत खाली येतात. अर्ध्या दिवसाची सहल. वीतभर जमिनीलाही सोन्याचा भाव असलेल्या बेटावर एवढे रान उरले कसे, याचे उत्तर सरळ नाही. ते वेळोवेळी राखले गेले, पण दर वेळी कारण वेगळे होते.

नावापासूनच घोळ आहे. मलय भाषेत बुकित म्हणजे टेकडी आणि तिमाह म्हणजे कथील. पण ही टेकडी ग्रॅनाइटची आहे, कथलाची नाही. मूळ नाव ‘बुकित तेमाक’, म्हणजे तेमाक नावाच्या झाडांची टेकडी असावे आणि परक्यांच्या कानांनी त्याचे तिमाह केले असावे, असे एक मत आहे. ते पटण्यासारखे आहे, कारण तिथल्या माणसांना या डोंगरात रस होता तो झाडांपुरताच.

1819 मध्ये रॅफल्सने बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे वसवले, त्याआधीपासून चिनी शेतकरी इथे गंबीर पिकवत होते. गंबीर हे वेलासारखे वाढणारे झुडूप. त्याची पाने उकळून आटवली की विड्यात खातात त्या काताचाच एक भाऊबंद हाती येतो. कोकणात कातकरी खैराच्या गाभ्याचे लाकूड उकळून कात काढत, इथे पाने उकळत, एवढाच फरक. पुढे युरोपातल्या कातडी कमावणाऱ्यांकडून आणि रंगाऱ्यांकडून गंबीरला मोठी मागणी आली आणि मळे बेटाच्या आतल्या भागात पसरत गेले. गंबीरसोबत मिरीचे वेल लावत, कारण उकळून उरलेला पाल्याचा चोथा मिरीला खत म्हणून चालत असे. या शेतीची भूक दुहेरी होती. लागवडीसाठी जंगल तोडावे लागे आणि भट्ट्या पेटत्या ठेवायला आणखी जंगल लागे. पंधरावीस वर्षांत जमिनीचा कस गेला की मळेवाला पुढच्या रानात सरके, आणि मागे लालांग नावाचे उंच, चिवट गवत माजे. बेटावरचे मूळ जंगल संपवण्यात शहराहून या भट्ट्यांचा वाटा मोठा होता.

शहरातून टेकडीकडे जाणारा रस्ता आणि 1843 मधली माथ्यापर्यंतची वाट ही त्याच काळातली. सिंगापुरातले त्या काळचे बहुतेक रस्ते हिंदुस्थानातून जन्मठेपेवर पाठवलेल्या कैद्यांनी बांधले. त्यांत बंगाल आणि मद्रास इलाख्यांबरोबर मुंबई इलाख्यातलेही कैदी होते. काळे पाणी म्हटले की मराठी मनात अंदमान उभे राहते, पण 1857 च्या उठावानंतर तिथली वसाहत सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून कैद्यांची गलबते सिंगापूरला जात होती. सिंगापुरातली कैद्यांची वसाहत 1873 मध्ये बंद झाली.

रानात शिरलेल्या माणसाची वाघाशी गाठ पडू लागली ती याच दशकांत. गंबीरच्या मळ्यांत एकेकटे राबणारे मजूर वाघाच्या तोंडी जात. रोज एक माणूस जातो, असे गावात बोलले जाई. त्यात अतिशयोक्ती असेल, पण सरकारने वाघ मारणाऱ्याला बक्षीस लावले होते आणि रानात जागोजागी वाघांसाठी खड्डे खणले जात होते. 1854 मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गसंशोधक बुकित तिमाहच्या कॅथलिक मिशनमध्ये मुक्कामाला आला, तेव्हा फांद्यापाल्याने झाकलेल्या या खड्ड्यांची धास्ती त्याला वाघाइतकीच वाटे. बेटावरचा शेवटचा वाघ 1930 मध्ये मारला गेला.

वॉलेसने दोन महिन्यांत जेमतेम चौरस मैलभर जागेतून भुंगेऱ्यांच्या सुमारे 700 जाती गोळा केल्या. आजही त्या टेकडीची महती सांगताना हा आकडा पुढे केला जातो. त्यामागचे कारण मात्र क्वचित सांगितले जाते, आणि ते वॉलेसनेच नोंदवून ठेवले आहे. चिनी लाकूडतोडे वर्षानुवर्षे झाडे पाडून फळ्या चिरत होते. पडलेली खोडे, सुकती साल, कुजता पाला आणि भुसा यांवर भुंगेऱ्यांची चंगळ होती. शेजारी उभे रान होते म्हणून जाती टिकल्या, आणि कुऱ्हाड चालू होती म्हणून त्या इतक्या सहज सापडल्या. निसर्गविज्ञानाच्या इतिहासातली एक नामांकित वेचणी अशी वखारीच्या कडेला झाली.

त्याच रानातले आणखी एक झाड जगाच्या व्यवहारात शिरले. गटापारचा हा शब्द जुन्या मराठी माणसाच्या कानावरून गेलेला असतो. हा मलय मुलखातल्या एका झाडाचा चीक आहे. गरम पाण्यात तो मऊ होतो, थंड झाला की टणक होतो, आणि समुद्राच्या पाण्यात कुजत नाही. 1840 च्या दशकात युरोपला त्याची ओळख झाली आणि लवकरच समुद्रतळावरच्या तारायंत्राच्या तारांना त्याचे वेष्टण देऊ लागले. 1870 मध्ये मुंबई ते एडन अशी जी तार ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने अंथरली, तिच्याभोवतीही गटापारचाच होता. खाचा पाडून निघणारा चीक थोडा असल्याने चीक काढणारे झाडच आडवे करत. त्यामुळे सिंगापुरातली ही झाडे काही वर्षांतच जवळपास संपली.

या सगळ्या तोडीचा हिशेब पहिल्यांदा मांडला तो सिंगापूर वनस्पती उद्यानाचा अधीक्षक नथॅनिएल कँटली याने. 1883 च्या त्याच्या अहवालात, सिंगापूर ज्यांचा भाग होते त्या ब्रिटिश सामुद्रधुनी वसाहतींमधल्या जंगलांची दुर्दशा नोंदलेली आहे. उरलेली राने सरकारने राखावीत, अशी शिफारस त्याने केली आणि बुकित तिमाह राखीव झाले. यामागे आजच्या अर्थाचे निसर्गप्रेम फारसे नव्हते. इमारती लाकडाचा पुरवठा आटू नये आणि जंगल गेल्याने हवामान बिघडू नये, ही काळजी त्यामागे होती. टेकडीचा उतार तीव्र, जमीन खडकाळ, म्हणून मळेवाल्यांनी ती बरीचशी सोडून दिलेली होती. राखायला सोपी अशी तीच जागा शिल्लक होती.

पुढच्या पिढीत राखण्याचा अर्थ बदलला. 1888 ते 1912 या काळात उद्यानाचा प्रमुख असलेला हेन्री रिडली मलायात रबराची लागवड रुजवणारा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने या टेकडीवरून पुष्कळ वनस्पती गोळा केल्या. ज्या माणसाच्या रबराने मलायातली अफाट जंगले गिळली, त्यानेच इथल्या रानाची नोंद करावी, हा विरोधाभास त्या काळाला टोचला नाही. ज्या जातीचे शास्त्रीय वर्णन बुकित तिमाहच्या झाडावरून झाले, तिची ओळख पटवायची तर ते झाड जागेवर हवे, हे वनस्पतिशास्त्रज्ञांना उमगले. टेकडीचे मोल आता लाकडावरून वर्गीकरणावर आले. 1930 च्या दशकात सिंगापूरमधली राखीव वने लाकडाच्या दृष्टीने कुचकामी ठरून एकामागून एक यादीतून काढली गेली. बुकित तिमाह तेवढे उरले, आणि 1939 मध्ये क्रांजी व पांदान इथल्या खारफुटीसोबत ते वनस्पती उद्यानाच्या हवाली झाले. लाकडासाठी नव्हे, रानासाठी रान राखण्याची भाषा इथून सुरू झाली.

तीनच वर्षांनी युद्ध टेकडीच्या पायथ्याशी आले. फेब्रुवारी 1942 मध्ये जपानी सैन्याने बुकित तिमाह गाव घेतले, आणि 15 तारखेला जवळच्याच फोर्ड मोटार कारखान्यात ब्रिटिशांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. तो कारखाना आज संग्रहालय आहे. टेकडीपासून तो फार लांब नाही, म्हणून सहलीला आलेली कुटुंबे दुपारी तिथेही डोकावतात.

1951 मध्ये राखीव निसर्गक्षेत्रांचा वेगळा कायदा झाला आणि बुकित तिमाहसह पाच क्षेत्रांना त्याचे संरक्षण मिळाले. यांत जलाशयांभोवतीचे मोठे पाणलोट जंगलही होते. ते टिकले याचे खरे श्रेय पिण्याच्या पाण्याला आहे. पांदान आणि क्रांजी पुढे विकासाच्या पोटात गेले. कायदा असूनही टेकडीला खाणी लागलेल्या होत्याच. शहराचे रस्ते आणि इमारती यांच्यासाठी ग्रॅनाइटची खडी इथूनच निघे. त्या खाणी बंद पडल्यावर खड्ड्यांत पाणी साचले. आज हिंडहीडची खाण म्हणजे उभ्या कड्याखालचे शांत, हिरवट तळे आहे. पर्यटकांना ते निसर्गाचे देणे वाटते.

सर्वांत खोल जखम रस्त्याने केली. 1986 मध्ये पूर्ण झालेल्या बुकित तिमाह द्रुतगती मार्गाने टेकडीचे रान आणि शेजारचे दोन हजारांहून अधिक हेक्टरचे पाणलोट जंगल यांच्यामध्ये डांबराची नदी ओतली. टेकडी बेट झाली. रस्ता ओलांडताना खवले मांजरे चिरडली जाऊ लागली. फिकट रंगाची मोठी खार 1990 च्या दशकानंतर सिंगापुरात दिसलेली नाही. ज्या वर्षी मार्ग झाला, त्याच वर्षी टेकडीच्या ओढ्यात गोड्या पाण्यातल्या खेकड्याची एक अशी जात नव्याने नोंदली गेली, जी सिंगापूरखेरीज जगात कुठेच नाही. काही लहान ओढ्यांवर तिचे अख्खे अस्तित्व तोललेले आहे. 2003 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 1819 नंतर सिंगापूरने 95 टक्क्यांहून अधिक मूळ अधिवास गमावला होता, आणि बेटाच्या अवघ्या पाव टक्का क्षेत्रात उरलेल्या राखीव वनांनी शिल्लक देशी जीवसृष्टीचा निम्म्याहून अधिक भाग सांभाळला होता. 2013 मध्ये द्रुतगती मार्गावर झाडे लावलेला 62 मीटर लांबीचा पूल बांधून दोन्ही राने जोडण्यात आली. माणसांसाठी नव्हे, जनावरांसाठी.

त्यानंतर रानाला वाचवायचे राहिले ते पायांपासून. मुलाबाळांसह येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की पायवाटा रुंदावल्या, मुळे उघडी पडली आणि पावसात माती वाहू लागली. सप्टेंबर 2014 पासून टेकडी दुरुस्तीसाठी बंद ठेवली. उतार बांधले, वाटा अरुंद केल्या, काही ठिकाणी जमिनीपासून उचललेले मार्ग टाकले, आणि ऑक्टोबर 2016 मध्ये ती पुन्हा पूर्ण खुली झाली. आता सकाळी सातला प्रवेश सुरू होतो आणि संध्याकाळी सातला थांबतो. माकडांना खायला घालणाऱ्याला दंड होतो, आणि वाटेच्या कडेला दोर बांधलेले आहेत ते माणसाने पलीकडे पाऊल टाकू नये म्हणून.