स्कॉट, सर पीटर मार्कम

(१४ सप्टेंबर १९०९–२९ ऑगस्ट १९८९). ब्रिटिश हौशी शिडनौकापटू, पक्षिचित्रकार व निसर्गसंवर्धक. जन्म लंडनचा. दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावलेले कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट हे त्यांचे वडील. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने हाकायच्या डिंगीच्या शर्यतीत त्यांना कांस्यपदक मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात ते स्वयंसेवी राखीव नौदलात होते. एप्रिल १९४१ मध्ये अटलांटिकमध्ये ‘कॉमोरिन’ जहाज भर वादळात पेटले, तेव्हा ते ‘ब्रोक’ या विनाशिकेवर अधिकारी होते. ती जळत्या जहाजाला पुन्हापुन्हा भिडवून माणसे उतरवून घेतली गेली. पुढे इंग्लिश खाडीत त्यांनी वाफेच्या तोफनौकांचे नेतृत्व केले.

युद्ध संपताच ते शर्यतींकडे परतले. १९४६ मध्ये चौदा फुटी डिंग्यांचा मानाचा प्रिन्स ऑफ वेल्स चषक त्यांनी पुन्हा जिंकला आणि त्याच वर्षी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. मात्र नौकानयनाला त्यांचे खरे देणे १९३८ चेच. त्या वर्षी जॉन विंटर यांच्यासोबत त्यांनी हाच चषक जिंकला, तो ‘ट्रपीझ’ वापरून. डोलकाठीवरून आलेल्या तारेला कमरपट्टा अडकवायचा, पाय होडीच्या काठावर रोवायचे आणि अख्खे अंग पाण्यावर झोकून कलणारी होडी सावरायची, अशी ही युक्ती. चौदा फुटी वर्गाने तिच्यावर लगेच बंदी घातली. गंमत अशी, की १९५५ ते १९६९ या काळात स्कॉट आंतरराष्ट्रीय नौकाशर्यत संघाचे अध्यक्ष होते आणि त्याच काळात, १९६० मध्ये, ट्रपीझवाली ‘फ्लाइंग डचमन’ होडी ऑलिंपिकमध्ये उतरली.

१९६४ च्या अमेरिका चषकात ‘सॉव्हरिन’चे सुकाणू त्यांच्या हाती होते. न्यूपोर्टजवळच्या समुद्रात ‘कॉन्स्टेलेशन’ने चारही शर्यती जिंकल्या, दुसरीत तर ‘सॉव्हरिन’ वीस मिनिटांहून अधिक मागे पडली. दोष सुकाणूधरापेक्षा नौकेचा अधिक होता, असे म्हणता येईल. एवढा फरक केवळ हाकण्याच्या चुकांनी पडत नाही.

नौकानयन त्यांनी पोटासाठी कधीच केले नाही. त्यांच्या चित्रांना चांगली मागणी होती. १९६३ मध्ये ते ग्लायडिंगचेही ब्रिटिश विजेते ठरले. १९७३ चा ‘सर’ किताब मिळाला तो निसर्गसंवर्धनासाठी. ब्रिस्टल येथे त्यांचे निधन झाले.