सनद आणि वहिवाट : मुक्त कार्यप्रणालींचा पूर्वेतिहास

एखाद्या विद्यार्थ्याने किंवा ग्रंथालयाच्या चालकाने आपल्या संगणकासाठी मुक्त कार्यप्रणाली शोधावयास घेतली, म्हणजे डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट, स्लॅकवेअर, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी अशा नावांची जी मालिका त्याच्यासमोर उभी राहते, तिच्यातून मार्ग काढताना त्याला वेग, देखावा आणि सोय यांविषयीच काय तो सल्ला मिळतो. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या प्रणालींमधील भेद केवळ तंत्रातून निर्माण झालेले नाहीत. हक्क कोणाचा, सनद कोणती आणि वहिवाट कोणी सांभाळावयाची या प्रश्नांवरून १९८९ ते १९९७ या काळात जे कलह आणि जे करार झाले, त्यांचेच ते अवशेष आहेत, आणि तो वृत्तांत ठाऊक असल्यावाचून केलेली निवड ही घराचे कागद न पाहता केवळ रंग पाहून केलेल्या खरेदीसारखी असते.

या वृत्तांताचे मूळ अमेरिकेतील टेलिफोनच्या मक्तेदारीत आहे. एटी अँड टी या कंपनीने १९५६ मध्ये सरकारशी केलेल्या तडजोडीनुसार तिला टेलिफोनखेरीज अन्य व्यापार करण्यास प्रतिबंध होता. त्यामुळे तिच्या बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली सिद्ध केली, तेव्हा ती बाजारात विकणे कंपनीला शक्य नव्हते, आणि विद्यापीठांना ती नाममात्र शुल्कात, मूळ संहितेसह, देण्यात आली. टॉम्प्सन १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत अभ्यागत म्हणून गेले, तेथील विद्यार्थ्यांना या संहितेचे वेड लागले, आणि बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये आपल्या सुधारणांची, पुढे बीएसडी म्हणून ओळखली गेलेली, चुंबकीय फीत इतर विद्यापीठांना पाठविण्यास आरंभ केला. १९८३ च्या आवृत्तीत तर आजचे इंटरनेट ज्यावर चालते ते टीसीपी-आयपीचे नियमही अंतर्भूत झाले. परंतु १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन होऊन तिच्यावरील जुना निर्बंध उठला, तिने युनिक्सचा रीतसर व्यापार आरंभिला, आणि बर्कलीची फीत ज्याला हवी त्याला प्रथम एटी अँड टीचा उत्तरोत्तर महाग होत जाणारा परवाना घ्यावा लागे, ही स्थिती अनेकांना जाचू लागली.

बर्कलीने जून १९८९ मध्ये, केवळ आपल्या माणसांनी लिहिलेला संगणक-जाळ्याचा भाग वेगळा काढून नेटवर्किंग रिलीज १ या नावाने प्रसिद्ध केला. फितीचे मूल्य १,००० डॉलर होते, पण ती एकदा हाती आल्यावर तिच्या हव्या तितक्या प्रती काढून कोणालाही देण्याची मुभा होती. मूळ कर्त्यांचा नामनिर्देश कायम ठेवावा एवढीच मुख्य अट. यावर बर्कलीचेच कीथ बॉस्टिक यांनी असा प्रस्ताव मांडला की, एवढेच का, सबंध प्रणालीच अशी मोकळी करावी. त्यांचे सहकारी माइक कॅरल्स आणि कर्क मॅक्युसिक यांना हे अशक्य वाटले. कारण युनिक्सची शेकडो उपकरणे एटी अँड टीच्या संहितेची एक ओळही न घेता नव्याने लिहावी लागणार होती. बॉस्टिक यांनी जगभरच्या प्रोग्रामरांना आवाहन केले. मोबदला एवढाच की पुन्हा लिहिलेल्या उपकरणाच्या नोंदीशेजारी लिहिणाऱ्याचे नाव राहील. सुमारे दीड वर्षात महत्त्वाची जवळजवळ सर्व उपकरणे तयार झाली. परस्परांस अपरिचित अशा माणसांनी, केवळ नामोल्लेखावर संतुष्ट राहून, एवढे कार्य सिद्धीस न्यावे ही घटना मला या सबंध इतिहासातील सर्वांत आदरणीय वाटते. शेवटी कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, सहा फाइली तेवढ्या शिल्लक राहिल्या, आणि जून १९९१ मध्ये त्या सहांवाचून नेटवर्किंग रिलीज २ बाहेर पडले. विल्यम आणि लिन जॉलिट्झ या दांपत्याने ही उणीव भरून काढून १९९२ मध्ये सामान्य पीसीवर चालणारी ३८६बीएसडी ही प्रणाली लोकांच्या हाती दिली.

तेवढ्यात फिर्याद झाली. बीएसडीआय नावाच्या एका नव्या कंपनीने हीच संहिता पुरी करून ९९५ डॉलरला विकावयास काढली होती, आणि जाहिरातीत दिलेल्या तिच्या टेलिफोन क्रमांकात युनिक्स हे नाव गुंफलेले होते. एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज या उपकंपनीने १९९२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयात तिच्यावर दावा गुदरला आणि पुढे विद्यापीठालाही प्रतिवादी केले. न्यायाधीश डिबेव्हॉइस यांनी मार्च १९९३ मध्ये विक्रीस अंतरिम मनाई करण्याचे नाकारले. जुन्या युनिक्सच्या प्रती हक्काची सूचना न छापताच वाटल्या गेल्या असल्यामुळे त्यांवरील स्वामित्व वादीस सिद्ध करता येईल असे त्यांना वाटले नाही. त्यानंतर विद्यापीठाने कॅलिफोर्नियात उलट दावा लावला, आणि तो मला विशेष न्याय्य वाटतो : एटी अँड टीच्या युनिक्समध्ये बर्कलीची संहिता विपुल वापरली होती, पण करारात कबूल केलेला श्रेयनिर्देश तीत नव्हता, म्हणून त्या उपकंपनीने आपली सर्व कागदपत्रे फिरून छापावीत आणि वॉल स्ट्रीट जर्नल व फॉर्च्युन यांत पूर्ण पानाच्या जाहिराती देऊन ही चूक प्रकट करावी, अशी मागणी विद्यापीठाने केली. १९९३ मध्येच ती उपकंपनी नॉव्हेलने विकत घेतली. नॉव्हेलचे प्रमुख रे नूर्डा यांना न्यायालयापेक्षा बाजारातील स्पर्धा अधिक पसंत होती, आणि १९९४ च्या प्रारंभी तह झाला. सुमारे १८,००० फाइलींपैकी तीन काढून टाकाव्यात, काहींत किरकोळ फेरफार करावेत आणि सुमारे ७० फाइलींवर वादीच्या हक्काची नोंद घालावी, एवढेच त्या दीर्घ वादाचे फलित. जून १९९४ मध्ये ४.४बीएसडी-लाइट ही निर्वेध आवृत्ती निघाली. मधल्या काळात ३८६बीएसडीवरून नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी या दोन प्रणाली १९९३ मध्ये उदयास आल्या होत्या, त्यांना या तहानंतर आपला पाया बदलून पुन्हा उभारणी करावी लागली.

याच सुमारास फिनलंडमध्ये जे घडले त्याने जगाचा ओघ पालटला. हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या, मुक्त कार्यप्रणाली उभारण्याच्या ग्नू प्रकल्पाकडे कंपायलरापासून संपादकापर्यंत बहुतेक साधने तयार होती, फक्त चालता कर्नल नव्हता. टोरवाल्ड्सकडे लिनक्स हा कर्नल होता. त्याने प्रथम घातलेली विक्रीबंदीची अट काढून १९९२ मध्ये ग्नूचा जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना स्वीकारला, आणि दोहोंची सांगड पडली. आपण आरंभ केला तेव्हा ३८६बीएसडी उपलब्ध असती तर लिनक्स बहुधा जन्मासच आले नसते, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. त्या दाव्याने बर्कलीच्या प्रणालीवर सुमारे दोन वर्षे संशयाची छाया राहिली, तोच लिनक्सच्या वाढीचा काळ होता. येथेच दोन भिन्न सनदा दृढ झाल्या. बर्कलीची सनद नाव राखून काहीही करण्यास मोकळीक देते, म्हणूनच पुढे ॲपलला फ्रीबीएसडीची संहिता आपल्या बंदिस्त मॅक ओएस एक्समध्ये घेता आली. ग्नूची सनद सुधारणा करून वाटणाऱ्यावर त्या सुधारणांची संहिताही देण्याचे बंधन घालते. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने मी दुसरीकडे झुकतो. पहिलीचे औदार्य मात्र मला नाकारता येत नाही.

लिनक्स हा नुसता कर्नल असल्याने, तो साधनांसह बांधून देणारी वितरणे लागलीच निघाली. त्यांतील सॉफ्टलँडिंग हे १९९२ चे वितरण लोकप्रिय झाले, पण त्यातील दोष दुरुस्त होईनात; याच असंतोषातून जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी स्लॅकवेअर आणि पुढच्याच महिन्यात परड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने डेबियन सुरू केले. स्लॅकवेअर एका व्यक्तीच्या निष्ठेवर आजवर टिकले आहे. डेबियनने दुसरी वाट धरली : जुलै १९९७ मध्ये त्याने आपला सामाजिक करार प्रसिद्ध केला, त्यात प्रणाली सदैव मुक्त राहील, दोष लपविले जाणार नाहीत आणि वापरणाऱ्यांच्या हिताला अग्रक्रम राहील अशी अभिवचने लेखी दिली, आणि १९९८ मध्ये घटना स्वीकारून प्रकल्पाचा नेता दरवर्षी मतदानाने निवडण्याची प्रथा घातली. त्या करारातील मुक्ततेचे निकषच पुढे ओपन सोर्सच्या व्याख्येचा आधार झाले.

यानंतरची वितरणे थोडक्यात सांगता येतील. रेड हॅट या कंपनीने २००३ मध्ये आपली सर्वसामान्यांसाठीची आवृत्ती थांबवून व्यापारी आवृत्ती आणि फेडोरा असे दोन भाग केले. २००४ मध्ये डेबियनवर आधारलेले उबुंटू आले आणि काही वर्षे त्याच्या सीडी टपालाने जगभर विनामूल्य पोहोचत होत्या. ओपनबीएसडी नेटबीएसडीतील अंतर्गत मतभेदांतून १९९५ मध्ये निघाली. तिच्याच कर्त्यांचे ओपनएसएसएच आज जगातील असंख्य सर्व्हरांवर चालते. रेड हॅटच्याच हाताखालील, तिच्या व्यापारी आवृत्तीच्या संहितेवर उभ्या असलेल्या विनामूल्य सेंटओएस ८ ची देखभाल २०२९ पर्यंत होईल या भरवशावर अनेक संस्थांनी ती बसविली होती. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ती २०२१ अखेर बंद होईल असे जाहीर केले, आणि अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही दोन नवी वितरणे त्या पोकळीतून निघाली. संहिता मुक्त होती म्हणून ती निघू शकली. पण वहिवाटदार एकच कंपनी होती म्हणून ती काढावी लागली.

आपल्याकडे, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी बॉस ही प्रणाली तयार केली ती डेबियनच्याच पायावर. आणि डेबियन संगणकावर बसविताना सूचनांसाठी मराठी निवडण्याची सोय आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीत भरली होती. शाळा, ग्रंथालय किंवा ग्रामपंचायतीचे दफ्तर यांसाठी प्रणाली निवडावयाची झाल्यास माझा कौल डेबियनला आहे, आणि त्याचे कारण त्याचा वेग किंवा देखावा नव्हे : कोणतीही कंपनी ते विकत घेऊन त्याची मुदत बदलू शकत नाही, कारण ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. अन्य प्रणाली ज्यांना रुचेल त्यांनी ती अवश्य घ्यावी. मात्र बसविण्यापूर्वी तिचा परवाना आणि तिच्या देखभालीची मुदत ही दोन कागदपत्रे स्वतः वाचावीत, एवढी माझी विनंती आहे.