गाडीचा तळ : सतरंजीपासून लेपापर्यंत

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या जीपमधून वर्षभरात काय काय वाहून नेले जाते, याची यादी करून पाहा. जूनमध्ये बियाण्याच्या आणि खताच्या गोण्या, पावसाळ्यात चिखलाने भरलेले पाय, दिवाळीच्या आगेमागे कापूस, नंतर मोसंबी आणि वर्षभर माणसे. काळ्या मातीचा चिखल पाणी धरून ठेवतो आणि लवकर वाळत नाही. खतातले क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात. हे सारे शेवटी गाडीच्या तळाशी साठते. हा तळ कशाने झाकावा, या साध्या प्रश्नाला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातून रसायनशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा मिळतो.

साटा, सतरंजी आणि सारवण

मोटार येण्यापूर्वी मराठवाड्यात प्रवास होई तो बैलगाडीने किंवा दमणीने. साट्यावर कडबा किंवा गवत, त्यावर गोणपाट आणि वर सतरंजी असा थर असे. मुक्कामाला पोचल्यावर सतरंजी झटकायची, उन्हात टाकायची आणि ओले गवत बैलांपुढे किंवा उकिरड्यावर टाकायचे, अशी रीत होती. लाकडाचा साटा मग मोकळ्या हवेत वाळत असे.

याच घरांतली जमीन मात्र वेगळ्या पद्धतीने राखली जात होती. शेण-मातीचे सारवण जमिनीला सर्वांगाने चिकटलेले असते. शेणातले न पचलेले गवताचे तंतू मातीला बांधून ठेवतात, त्यामुळे भेगा कमी पडतात. झिजले की पुन्हा सारवायचे.

या दोन रीतींमध्ये एक नियम दडलेला आहे. आच्छादन एक तर पूर्ण सुटे असावे, नाही तर पूर्ण चिकटलेले असावे. अर्धवट चिकटलेल्या आच्छादनाखाली ओल अडकते. पुढचा सारा इतिहास या नियमाच्या कसोटीवर पाहता येतो.

गालिचा गाडीत आला कसा?

युरोप-अमेरिकेत सुरुवातीच्या मोटारी बांधल्या त्या घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांनीच. बग्गीतले गालिचे त्यांच्याबरोबर मोटारीत आले. तळ लाकडी फळ्यांचा आणि गालिचा बहुधा सुटा, त्यामुळे तो काढून झटकता येई. पुढे लाकडाची जागा पोलादी पत्र्याने घेतली. पत्रा कंप पावतो, आवाज करतो आणि तापतो. म्हणून त्यावर नमद्याचा जाड थर आणि वर तळाच्या आकारात साच्यातून काढलेला गालिचा घट्ट बसवण्याची पद्धत रूढ झाली. प्रवाशाला आराम मिळाला, पण गालिचा आता सुटा राहिला नाही आणि पत्र्याला सर्वांगाने चिकटलेलाही नव्हता.

सार्वजनिक वाहनांनी ही चैन कधी केली नाही. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्या रेल्वे खात्याने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. मुंबई प्रांतात 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी. धावली. अशा गाड्यांचा तळ रोज झाडावा आणि वेळोवेळी धुवावा लागतो, हे उघड होते. 1941 पासून अमेरिकी सैन्यासाठी बनू लागलेल्या जीपचा तळ तर रंग दिलेल्या नुसत्या पत्र्याचा होता, आणि पाणी निघून जाण्यासाठी त्याला छिद्रे ठेवलेली होती. जीप पुढे आपल्या खेड्यापाड्यांत रुळली, त्यात या उघड्या तळाचाही वाटा आहे.

एस.टी.च्या गाड्यांत वर्षानुवर्षे नक्षीदार ॲल्युमिनियमचा पत्रा तळावर दिसत आला. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा थर आपोआप चढतो. तो काही नॅनोमीटर इतकाच जाड असतो, पण धातूला सर्वत्र घट्ट चिकटलेला असतो आणि ओरखडा पडला तर पुन्हा तयार होतो. निसर्गाने केलेले हे सारवणच म्हणायचे. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो. तो खालच्या धातूचे रक्षण करत नाही, उलट ओल धरून ठेवतो.

गालिच्याखाली काय घडते?

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून गंजाचा अभ्यास केला. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी कमी पोचतो. त्यामुळे एकाच थेंबात विद्युतघट तयार होतो. मध्यभागी लोखंड विरघळते, कडेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. म्हणजे जिथे हवा कमी, तिथेच धातू खाल्ला जातो.

ओल्या गालिच्याखालची स्थिती नेमकी अशीच असते. ओल आहे, खतातले क्लोराइड आणि सल्फेट आहेत, काही ठिकाणी हवा पोचते आणि काही ठिकाणी नाही. वरून गालिचा कोरडा वाटतो. खालचा पत्रा आतून कुरतडला जात असतो आणि एके दिवशी त्याला भोक पडल्यावरच मालकाला कळते.

लेपाचा इतिहास

चिकटून बसणाऱ्या लेपाची सुरुवात आपल्या ओळखीच्या पिकापासून झाली. जवसाचे तेल हवेत उघडे ठेवले की ऑक्सिजन शोषून घट्ट होते, कारण त्यातले रेणू एकमेकांना जोडले जातात. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी 1860 च्या दशकात अशा घट्ट झालेल्या तेलात बुचाचा भुसा आणि राळ मिसळून तागाच्या कापडावर पसरले आणि लिनोलियम तयार केले. पुढे मोटारींच्या पायऱ्यांवरही ते दिसू लागले.

1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. एका द्रवात आयसोसायनेट गट, दुसऱ्यात हायड्रॉक्सिल गट. दोन्ही मिसळले की लांब साखळ्या तयार होतात. यातली एक अडचण अशी, की आयसोसायनेटची पाण्याशीही क्रिया होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. फेस हवा असेल तर हे सोयीचे, पण लेपात बुडबुडे राहिले तर तो कमजोर होतो. 1980 च्या दशकात हायड्रॉक्सिलऐवजी अमाइन वापरून फवाऱ्याने देण्याचे पॉलियुरिया लेप पुढे आले. ही क्रिया काही सेकंदांत होत असल्याने दमट हवेचा त्रास कमी होतो. मालवाहू गाड्यांच्या हौद्यांत असे लेप देण्याचा व्यवसाय अमेरिकेत तेव्हापासून वाढला. गाडीच्या बाहेरच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण दशांश मिलिमीटर भरतात, तर हा लेप काही मिलिमीटर जाड असतो. आता काही जण आतला गालिचा काढून तळालाही तो देतात.

लेप म्हणजे अभय नव्हे

इथे आपला नियम पुन्हा आठवावा. तेलकट, धुळकट किंवा गंजलेल्या पत्र्यावर दिलेला लेप चांगला दिसतो, पण काही दिवसांत खालून सुटतो. सुटलेल्या लेपाखाली पाणी शिरले की तो गालिच्यापेक्षाही वाईट ठरतो, कारण तो उचलून पाहता येत नाही. म्हणून गालिचा काढल्यावर पत्रा घासून धातू उघडा करणे, तेल पुसणे आणि पत्रा पूर्ण वाळवणे यातच बहुतेक काम आहे.

दुसरी गोष्ट माणसाच्या जिवाची आहे. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये पसरलेला मिथाइल आयसोसायनेट याच रासायनिक कुळातला होता. लेपांतली आयसोसायनेटे त्याच्या मानाने फारच कमी बाष्पनशील असतात, पण फवारणी केली की त्यांचे सूक्ष्म थेंब श्वासावाटे फुप्फुसात जातात. त्यामुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अत्यल्प मात्राही पुरते. तोंडाला रुमाल बांधून हे थांबत नाही. बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये फवारा धरणारा बहुधा सोळा-अठरा वर्षांचा मुलगा असतो. काल तो आपल्याच वर्गात बसलेला असू शकतो. ही माहिती शाळेतून त्याच्यापर्यंत पोचली नाही, तर दुसरीकडून पोचण्याची शक्यता कमीच.

तिसरी गोष्ट गाडी मोडीत निघाल्यावरची. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड भट्ट्यांत वितळवून सळया बनवल्या जातात. आज वाचवलेला तळही कधी तरी भंगारात जाणारच. पॉलियुरेथेनसारखा लेप जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सुटू शकतात. म्हणून लेप देताना तो पुढे काढायचा कसा, याचाही विचार व्हायला हवा.

गालिचा गेला की आवाज आणि उष्णता अडवणारा थरही जातो. त्यावर सोपा उपाय आहे. नीट चिकटलेला लेप खाली आणि रोज उचलून झटकता येणारी रबरी चटई वर. दमणीतल्या माणसांना ही व्यवस्था ओळखीची वाटली असती.

वर्गात करून पाहा

मिठाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे थोडेसे द्रावण मिसळा. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर त्याचा थेंब ठेवा. काही वेळाने मध्यभागी निळा आणि कडेला गुलाबी रंग दिसेल. फेरिसायनाइडमध्ये तीव्र आम्ल मुळीच मिसळू नये.

नंतर जस्ताचा थर नसलेले चार पत्रे घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्यावर गोणपाट बांधा, तिसऱ्याला घासून-पुसून तेलरंग द्या आणि चौथ्याला न घासता, धुळीवरच रंग द्या. पंधरा दिवस रोज मिठाचे पाणी शिंपडा. मग गोणपाट सोडा, रंग खरवडा आणि खाली काय झाले ते विद्यार्थ्यांना वहीत नोंदवू द्या. तिसऱ्या आणि चौथ्या पत्र्यातला फरक त्यांना स्वतः शोधू द्यावा. तो सापडला की हा धडा त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.